डिफॉल्टर लिस्ट जुलैतच लावा

सप्टेंबर संपत आला की मुंबईतल्या कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागते. त्यात एफवायची, म्हणजे पहिल्या वर्षाची, यादी सगळ्यात लांब. ७५ टक्के हजेरी भरलेली नाही, पालकांना घेऊन या, हमीपत्र लिहून द्या, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही. मग दोन-तीन दिवस ऑफिसबाहेर रांग लागते. कुणी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतं, कुणी शेजारच्या काकांना बाबा म्हणून उभं करतं, आणि बऱ्याच जणांना शेवटी बसू दिलं जातं. या रांगेतल्या मुलांची मला फारशी काळजी वाटत नाही. भांडायला, रडायला, खोटं सर्टिफिकेट द्यायला का होईना, ती आली. यादीत नाव असून जी रांगेत फिरकतच नाहीत, ती कॉलेज सोडून गेलेली असतात. कधी गेली, हे यादीवरून कळत नाही. मस्टर मागे चाळलं तर कळतं. जुलैच्या अखेरीपर्यंत अधूनमधून ‘पी’ दिसतो, ऑगस्टमध्ये तो विरळ होतो आणि गणपतीच्या सुट्टीनंतर सलग ‘ए’ची माळ लागते. म्हणजे माहिती कॉलेजच्याच कपाटात होती, पण कुणी वेळेवर उघडून पाहिली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. हजेरीचा हा कागद ऑक्टोबरात शिक्षेसाठी काढण्याऐवजी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चौकशीसाठी काढा. ज्याचं नाव त्यात येईल त्याला फोन करून ‘काय झालं?’ विचारायचं काम कुणाच्या तरी नावावर, पगारी वेळेत टाका. नव्या विद्यार्थ्याला कॉलेजात रुळवणं हा कॉलेजच्या कामाचाच भाग आहे, तो एखाद्या मायाळू मॅडमच्या सवडीवर सोडता येत नाही.

आपल्याकडे उच्चशिक्षणाची मोजदाद दारातच आटोपते. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणात देशाचं सकल नोंदणी प्रमाण (१८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत उच्चशिक्षणात नाव असलेले) २८.४ टक्के होतं, महाराष्ट्राचं ३५.३. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला ते २०३५ पर्यंत ५० वर न्यायचं आहे. न्यावं जरूर. पण प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या पेपरला हजर होते, हा आकडा मी आजवर एकाही प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेला पाहिलेला नाही. निकालाची टक्केवारी असते, तीही ठळक अक्षरांत. ती परीक्षेला बसलेल्यांची असते. जो बसलाच नाही तो नापासातही मोजला जात नाही. उलट चाचपडणारी मुलं पहिल्याच वर्षी गळाली की कॉलेजचा निकाल सुधारतो. ज्या व्यवस्थेत मूल गमावल्याचा तोटा कुणालाच होत नाही आणि थोडा फायदाच होतो, तिथे त्या मुलाला शोधायला कोण जाईल?

पहिल्या दिवशी स्वागत होतं, हे खरं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाने नवागतांसाठी मार्गदर्शिका काढली आणि तिच्यामागचा विचार चांगला होता. मुलांना संस्थेची ओळख व्हावी, ज्येष्ठ विद्यार्थी आणि शिक्षक यांच्याशी त्यांचं नातं जुळावं, पहिले दिवस धावपळीत न जाता सावकाश जावेत. संलग्न कॉलेजात पोचेपर्यंत त्याचा सकाळचा एक कार्यक्रम झाला. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, संस्थेचा इतिहास, विश्वस्तांचं भाषण, रॅगिंगविरोधी शपथ, चहा-सामोसा. सभागृह गच्च भरलेलं असतं, कारण त्या दिवशी सगळे आलेले असतात. बरं, मेरिट लिस्टच्या फेऱ्या चालूच असल्याने तिसऱ्या यादीत लागलेल्या मुलांना हा कार्यक्रम मिळतच नाही. आणि ज्यांना आधाराची गरज जास्त, ती मुलं बऱ्याचदा तिसऱ्याच यादीत असतात.

बाहेरून आलेल्या मुलाच्या अडचणी भाषणाने सुटण्याजोग्या नसतातच. मुंबईत अकरावी-बारावी बहुधा सीनियर कॉलेजच्याच इमारतीत होते. त्यामुळे एफवायच्या वर्गातली बरीच मुलं इनहाऊस कोट्यातून वर आलेली, दोन वर्षं त्याच जिन्यांवर चढउतार केलेली असतात. कँटीनवाल्याला ती नावाने हाक मारतात. त्यांच्या शेजारी लांज्याहून, जव्हारहून किंवा गोवंडीच्या पालिका शाळेतून आलेला मुलगा बसतो. बोनाफाईड म्हणजे काय, ते कुठे मिळतं, लोकलच्या पासाचा कन्सेशन फॉर्म कुठल्या खिडकीवर, मायनर सब्जेक्ट कुठवर बदलता येतो, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर नॉन-क्रिमिलेयर आधी लागतं की नंतर, केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर पुढच्या वर्गात जाता येतं का, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं आणि बाकीच्यांना ते श्वास घेण्याइतकं सहज ठाऊक असतं. खिडकीची वेळ अकरा ते एक. त्याचं लेक्चर सातला सुरू होऊन अकराला संपतं, आणि बाराला मालाडच्या दुकानात ड्यूटी असते. खिडकीवर पोचावं तर पुढे चाळीस जण. नंबर लागला की आतून प्रश्न येतो, ‘झेरॉक्स कुठाय?’ झेरॉक्स काढून येईपर्यंत खिडकी बंद. हे दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो जात नाही. परीक्षेचा फॉर्म राहतो, लेट फी लागते, ती घरी सांगायची लाज वाटते. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, पण सीआरकडे, म्हणजे वर्गप्रतिनिधीकडे, याचा नंबर नसतो. अशाच बारीकसारीक गोष्टींतून मुलं सुटत जातात. बाहेरून बघणारा म्हणतो, अभ्यासात लक्ष नव्हतं.

त्यात राहायचा प्रश्न. मुंबई विद्यापीठाखाली मुंबई-ठाण्यापासून पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंतचे जिल्हे येतात आणि संलग्न कॉलेजं आठशेच्या वर आहेत. त्यांतल्या किती कॉलेजांना स्वतःचं वसतिगृह आहे, हे मोजायला फार वेळ लागणार नाही. कोकणातून आलेला मुलगा मामाकडे राहतो, नाहीतर आत्याकडे. नालासोपाऱ्याची वन रूम किचन, त्यात मामाची दोन मुलं आणि आजी. दहाला दिवा बंद, कारण मामाला पहाटेची शिफ्ट. मामी वाईट नसते. पण ताटात वाढलेलं निमूट खायचं, बाजारहाट आपणहून करायचा, दळण आणायचं आणि ‘अभ्यास आहे’ हे वाक्य जपून वापरायचं, हे पाहुणा म्हणून राहिलेल्या प्रत्येकाला शिकावं लागतं. गणपतीला गावी गेला की मुलाच्या लक्षात येतं, आपण किती अवघडून राहत होतो. परतीच्या गाडीत तो चढतो की नाही, हे त्या दहा दिवसांत ठरतं. गणपतीनंतरच्या पहिल्या आठवड्याची हजेरी म्हणूनच मी सगळ्यात बारकाईने बघतो. ‘अरे, होतास कुठे?’ ‘सर, गावाला.’ असं उत्तर देणारा समोर उभा असेल तर अर्धं काम झालेलं असतं.

ही मुंबई नवख्याला रुळवण्यात मुळात कच्ची नव्हती. गिरणगावात कोकणातल्या गावागावांच्या खोल्या होत्या. गावातून आलेला पोरगा ट्रंक घेऊन थेट गावाच्या खोलीवर जायचा. झोपायला जागा, खानावळीत ओळख, आणि कुणीतरी त्याला बदली कामगार म्हणून लावायला गिरणीच्या दारापर्यंत घेऊन जायचं. गोव्याहून येणाऱ्या खलाशांचे आणि आचाऱ्यांचे धोबीतलावला कूड, म्हणजे गावोगावच्या राहायच्या सामायिक जागा, होते. यात उपकाराची भाषा नव्हती, आपला माणूस आला म्हणजे त्याला मार्गी लावायचं, ही रीत होती. गिरण्या गेल्या, बहुतेक खोल्याही गेल्या. नोकरीसाठी येणाऱ्याकरता जे या शहराने उभं केलं होतं, तसं शिकायला येणाऱ्याकरता फारसं कधी उभं राहिलं नाही. आणि कॉलेजने तर ते आपलं काम मानलंच नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. सर्वांना ठाऊक असलेली आहे, पण सहसा ती हुशारीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणारा भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्याला तिथे पाहिलं, तू कोण, कुठला, काय वाचतोस, अशी चौकशी केली आणि पुढे त्याच्यावर लक्ष ठेवलं. एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण अडायची वेळ आली, तेव्हा याच केळुसकरांनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजात प्राध्यापक म्यूलर पुस्तकं आणि कपडे देत. १९१२ मध्ये आंबेडकर बी.ए. झाले. बुद्धिमत्ता तर होतीच. पण ती असूनही शिक्षण अडलं होतं, आणि ते पुढे सरकलं ते एकाने वेळेवर विचारपूस केल्यामुळे आणि दुसऱ्याने महिन्याच्या महिन्याला पैसे दिल्यामुळे. किती भीमरावांना केळुसकर भेटले नसतील, याचा हिशेब लागणार नाही.

बाबासाहेबांनी स्वतः कॉलेज काढलं तेव्हा हा योगायोगाचा भाग कमी करायचा प्रयत्न केला, असं मला वाटतं. १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ कॉलेजचे वर्ग सकाळी भरत, नोकरी करणाऱ्याला आधी लेक्चर आणि मग ऑफिस करता यावं म्हणून. विद्यार्थ्याने आपलं आयुष्य कॉलेजच्या वेळापत्रकात बसवावं, असा आग्रह न धरता वेळापत्रकच विद्यार्थ्याच्या आयुष्याला बेतलं. आज सकाळी सातची लेक्चर्स मुंबईभर आहेत, पण बऱ्याच ठिकाणी त्याचं कारण इमारत दोन-तीन पाळ्यांत वापरायची असते, एवढंच. आसनगावहून सातच्या लेक्चरला दादर गाठायचं तर पहाटे चारला उठावं लागतं, हे वेळापत्रक लावणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं.

गळतीवर परदेशात बरंच काम झालं आहे. व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडलेली गोष्ट आजही आधाराला घेतली जाते. विद्यार्थी कॉलेजात शिकण्याच्या अंगाने आणि माणसांच्या अंगाने किती मिसळतो, यावर त्याचं टिकणं अवलंबून असतं. वसतिगृहांच्या कॅम्पसवर हे मिसळणं आपोआप थोडंफार होतं. मुंबईत कॅम्पस म्हणजे लोकल. चर्चगेट-विरार ६० किलोमीटर, सीएसएमटी-कसारा सुमारे १२०. लेक्चर संपलं की मुलगा प्लॅटफॉर्मवर असतो.

म्हणूनच मला न्यूयॉर्कच्या सार्वजनिक विद्यापीठाचा दाखला आपल्याला जवळचा वाटतो. तिथलीही मुलं घरी राहून, नोकऱ्या करून, भुयारी रेल्वेने कॉलेजला येणारी. २००७ मध्ये त्या विद्यापीठाने आपल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात ठराविकच विद्यार्थी सांभाळणारा सल्लागार, पुस्तकांचा खर्च, फीची उरलेली रक्कम आणि दर महिन्याला मेट्रोचा मोफत पास, असं सगळं एकत्र दिलं. चिठ्ठ्या टाकून विद्यार्थ्यांचे दोन गट पाडून त्याची रीतसर चाचणी झाली. तीन वर्षांत नेहमीच्या गटातले साधारण २२ टक्के पदवीधर झाले, कार्यक्रमातले ४० टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण पदवीधर इतके वाढले की दर पदवीमागचा खर्च उलट कमी आला. यातली मला सगळ्यात आवडलेली क्लृप्ती मेट्रो पासाची आहे. पास हवा तर कार्यक्रमात सामील राहायचं, सल्लागाराला भेटत राहायचं. आणि पास तर प्रत्येकालाच हवा असतो.

आपल्याकडे ही क्लृप्ती आयतीच आहे आणि आपण ती वाया घालवतो. मुंबईतल्या विद्यार्थ्याला लोकलचा सवलतीचा पास काढायला कॉलेजचं कन्सेशन लागतं. महिन्याचा पास काढणारा महिन्याने येतो, तिमाहीचा काढणारा तीन महिन्यांनी. काही कॉलेजांत अर्ज ऑनलाइन झाला, तरी बहुतेक ठिकाणी सहीशिक्क्याच्या कागदासाठी खिडकीवर यावंच लागतं. लेक्चर बुडवणारा, नोकरी करणारा, लाजाळू, सगळे इथे येतात. कॉलेजशी वर्षभर टिकणारा असा दुसरा धागा मला तरी माहीत नाही. त्या खिडकीत आज एक वैतागलेले क्लार्क असतात, आणि त्यांचं वैतागणं रास्तच आहे, कारण त्यांच्याकडे अजून चार खिडक्यांचं काम असतं. त्यांच्या बाजूला एफवायसाठी एक खुर्ची टाका. फॉर्म देताना दोन मिनिटं बोला. कुठून येतोस, शिष्यवृत्तीचा अर्ज भरलास का, कुठला विषय जड जातोय. ज्याने जूनमध्ये कन्सेशन नेलं आणि सप्टेंबरात नेलं नाही, त्याचं नाव संगणकात आपोआप वर येऊ शकतं. तो एकतर आता पूर्ण भाड्याने येतोय, नाहीतर येतच नाहीये. दोन्ही बाबतींत फोन करायला हवा. यासाठी ना नवं ॲप लागतं ना सल्लागार कंपनी.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा असतो: अठरा वर्षांची झालेली मुलं आहेत, मतदान करतात, त्यांना किती दिवस बोटाला धरून चालवायचं? गंमत म्हणजे हेच लोक ऑक्टोबरात त्याच प्रौढ नागरिकाला म्हणतात, पालकांना घेऊन या. मुलाला प्रौढ मानायचं असेल तर त्याला सरळ माहिती द्या, वेळेवर द्या, आणि तो सोडून चालला असेल तर का, हे विचारा. यात लाड कुठे आले?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्रत्येक गळती ही शोकांतिका नसते. कुणाला चांगली नोकरी लागते, कुणाला कळतं की वाणिज्य आपल्याला नको, आयटीआय बरं. २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की मागच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मिळून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी प्रवर्गांतल्या १३,००० हून जास्त विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडलं. जोडीला हेही सांगितलं की विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात, ते एका संस्थेतून दुसरीकडे जातात. काही जात असतीलच. पण कोण पर्यायाकडे गेला आणि कोण हरून घरी बसला, हे विचारल्याशिवाय कसं समजणार? नव्या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय केली आहे, क्रेडिट बँकेत जमा ठेवून पुन्हा येण्याचीही. चांगली सोय आहे. मात्र ती वर्ष पूर्ण करणाऱ्याला, ठरलेले क्रेडिट मिळवणाऱ्याला आणि वर उन्हाळ्यात व्यावसायिक भाग पुरा करणाऱ्याला. ऑगस्टमध्ये नाहीसा झालेला मुलगा त्या बँकेत शून्य जमा घेऊन गेलेला असतो. पहिलं सत्र सांभाळलं तरच बाहेर पडण्याची ही सन्मानाची वाट त्याला उघडी राहते. मुलींच्या बाबतीत ‘बाहेरून देईन परीक्षा’ असं म्हणत घरी बसणं फार होतं. आई आजारी, धाकटी भावंडं, संध्याकाळी उशीर नको. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून चालू आहे, त्यात काही कमीपणाही नाही. पण त्यासाठी कागद इकडून तिकडे जावे लागतात, मुदती असतात. तिला तिकडे नीट पोचवणारं कुणी नसेल तर ‘बाहेरून’ या शब्दाखाली शिक्षण संपलेलं असतं.

पैशाचं म्हणाल तर फीपेक्षा बाकीचा खर्च बोचतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची फी पूर्ण माफ केली, हा मोठा निर्णय होता. पण अनुदानित कला-वाणिज्य तुकड्यांची फी मुळातच बेताची. तिथे मुलगा अडतो तो प्रवास, खोली, जेवण आणि न कमावलेला पगार यांवर. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेत मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, महिन्याला ५,००० झाले. त्यात या शहरात खोली आणि जेवण दोन्ही कसं बसवायचं, हे त्या मुलांनाच विचारावं. तेही पैसे वेळेवर आले तर. शिष्यवृत्ती मार्चमध्ये खात्यात आली आणि मुलगा नोव्हेंबरात गेला, तर ती शिष्यवृत्ती नेमकी कुणाला टिकवायला होती? हजार-दोन हजारांचा तातडीचा निधी प्राचार्यांच्या हाती हवा. परीक्षा फॉर्म, पास, चष्मा यांसाठी, एका सहीने, त्याच दिवशी.

विचारपूस कशी करू नये, हेही सांगायला हवं. वर्गात शिपाई नोटीस घेऊन येतो आणि मॅडम मोठ्याने वाचतात, ‘एससी, एसटीवाल्यांनी लेक्चरनंतर थांबा.’ साठ-सत्तर माना वळतात. त्या दिवसानंतर काही मुलं शिष्यवृत्तीचा अर्जच भरत नाहीत. नोटीस ज्याच्या त्याच्या फोनवर जाऊ शकते, याला काही मोठं तंत्र लागत नाही. पवईच्या आयआयटीला २०२३ मध्ये लेखी सूचना काढावी लागली की विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेश परीक्षेतला रँक किंवा जात कळेल असे प्रश्न विचारू नयेत. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथे पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता. देशातली पहिल्या फळीची संस्था हे लिहून काढते, म्हणजे बाकीच्यांनी आपल्या वर्गात काय चालतं ते बघायला हरकत नाही. भाषेचंही तसंच. मराठी माध्यमातून आलेल्याला कला शाखेत उत्तर मराठीत लिहिता येतं, पण वर्गात इंग्रजीत शंका विचारता आली नाही की तो शंका विचारणंच सोडतो. ‘मराठीत विचार’ असं पहिल्या आठवड्यात एकदा म्हणणाऱ्या शिक्षकाला किती मुलं लेक्चरनंतर गाठतात, हे करून बघण्यासारखं आहे.

एक निरीक्षण सांगतो, शास्त्रीय मानू नका. कॉलेजच्या एकांकिकेच्या टीममधली मुलं लेक्चर सगळ्यात जास्त बुडवतात आणि कॉलेज सगळ्यात कमी सोडतात. रात्री नऊपर्यंत तालीम, कुणी लाइट्स, कुणी प्रॉपर्टी, सीनियर खेकसतो आणि वडापावही तोच खिलवतो. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या निवासी शिबिराहून परत आलेल्यांचंही तेच. त्यांना केटी लागतात, पण त्या कशा सोडवायच्या हे सांगायला टीवायचा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा, कुणीतरी दादा असतो. आता नाटक सगळ्यांना जमणार नाही आणि एकाला ड्यूटी असताना तालमीला थांबताही येणार नाही. पण प्रत्येक एफवायवाल्यामागे असा एक दादा किंवा ताई नेमता येते. फुकटात नेमू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना महाराष्ट्रात विद्यापीठांनी उचललीच आहे. त्यातले तास झाडांना पाणी घालण्यात आणि ग्रंथालयातली पुस्तकं लावण्यात जातात, त्यांतले काही नव्या मुलांना फोन करण्यात घालावेत. कन्सेशनची खिडकी कुठे आहे, हे टीवायच्या मुलीइतकं नीट कोण सांगेल?

प्राध्यापकांवर हे सगळं ढकलून चालणार नाही. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात मेंटॉर (मार्गदर्शक शिक्षक) आणि विद्यार्थी यांचं प्रमाण विचारत आले आहेत, त्यामुळे कागदोपत्री प्रत्येक मुलाला मेंटॉर असतो. नॅकची टीम यायच्या आधी मेंटॉर रजिस्टरं कशी भरली जातात, हे स्टाफरूममध्ये बसणाऱ्यांना सांगायला नको. एकाच पेनाने, एकाच बैठकीत, वर्षभराच्या भेटी. यात प्राध्यापकांचा आळस कमी आणि व्यवस्थेचा खोटेपणा जास्त आहे. एका तुकडीत शंभर-सव्वाशे मुलं, रिक्त जागा भरलेल्या नाहीत, आणि एफवायची बरीच लेक्चर्स तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकांकडे. त्यांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. लेक्चर संपल्यावर जिन्यात थांबून एखाद्या मुलीचं ऐकून घेतलेल्या वीस मिनिटांचे मिळत नाहीत, आणि तरी ते थांबतात. मेंटॉरिंगचे तास कार्यभारात धरा, तासिकावाल्यांना त्या तासाचे पैसे द्या, मग रजिस्टर मागा.

आकड्यांचंही काम नवं नाही. विद्यापीठ प्रत्येक विद्यार्थ्याला पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, देतं, आणि तो पदवी मिळेपर्यंत बदलत नाही. पहिल्या सत्राला किती पीआरएन होते, दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला त्यांतले किती बसले, सहाव्याला किती, हे विद्यापीठाच्या कलिना संकुलात एका दुपारी काढता येईल. ते कॉलेजवार, शाखावार आणि प्रवर्गवार काढावं आणि दरवर्षी मे महिन्यात, बारावीच्या निकालाच्या आसपास, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावं. कटऑफ पाहून कॉलेज निवडणाऱ्या पालकांनी मग प्रवेशाच्या खिडकीवर हा दुसरा आकडाही विचारावा. काही नामवंत कॉलेजांची त्यावरून पंचाईत होईल, आणि विरार-बदलापूरच्या पलीकडची, कुणी फारसं नाव न घेणारी काही कॉलेजं यादीत वर दिसतील, असा माझा अंदाज आहे.